आजोबांवरची चादर

बाळांनो, जरा माझ्याबरोबर समुद्रकाठच्या एडवण गावाला चला. समजा, तुम्ही एका बंद दाराबाहेर ओट्यावर बसला आहात. आत तुमची आई परीक्षा देते आहे आणि तिला हाक मारायचीसुद्धा तुम्हाला बंदी आहे. जमेल?

मेघालीला ते जमवायचंच होतं. तिची आई, प्रेमला, लग्नात सुटलेलं कॉलेज आता ऑनलाइन पुरं करत होती. वाडीतलं काम उरकायचं, दुपारी लॅपटॉपसमोर बसून लेक्चर ऐकायचं, कळलं नाही तर पुन्हा ऐकायचं. आज शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर. कॅमेरा सारखा तिच्यावर रोखलेला. कोणाचा आवाज आला किंवा दुसरा चेहरा दिसला, की टुण्‌ वाजून ताकीद. दोन ताकिदी माफ. तिसरीला पेपर बंद, आणि वर्ष गेलं.

काल सराव करताना कॅमेऱ्याने भिंतीवरच्या आजोबांनाच दुसरा माणूस म्हणून धरलं होतं. चंदनाचा हार घातलेले आजोबा फोटोतून नीट समोर बघत होते.

"आजोबांना पण बी.कॉम. व्हायचंय," मेघाली म्हणाली होती.

"उतरवू या का फोटो?" बाबांनी विचारलं.

"नको," आई म्हणाली. "शिक, शिक म्हणून तेच माझ्या मागे लागायचे. आणि पेपरच्या दिवशी त्यांनाच बाहेर काढू?"

शेवटी फोटोवर चादर टांगली.

पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच शेजारचे नरहरीकाका अंगणात आले.

"प्रेमला हाय का घरात? कोयता पायजे होता."

मेघालीने ओठांवर बोट ठेवलं. "आईचा पेपर हाय, काका."

"घरात पेपर? आणि मास्तर कुठाय?"

"लॅपटॉपात. हळू बोला ना."

"एवढ्याशा डब्यातल्या मास्तरला भ्यायचं व्हय आमी?"

काका हसले आणि आत टुण्‌ वाजलं.

मेघाली ताडकन उठली. "तुमी जा, काका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "कोयता मी आणून देईन." काका गुपचूप वळले.

मग सगळं शांत झालं. फक्त समुद्राकडचा वारा वाढला, माडांच्या झावळ्या सळसळल्या. आणि पुन्हा टुण्‌.

या वेळी तर कोणी बोललंही नव्हतं.

मेघालीने दाराच्या फटीला डोळा लावला. आईची बोटं थांबली होती. तिला काही समजत नव्हतं आणि मागे वळून बघायची सोय नव्हती. तिच्या मागे चादर फुगली, वर उचलली गेली. खालून आजोबांच्या मिशा दिसल्या, मग डोळे. चादर पुन्हा खाली बसली.

म्हणजे मघाची ताकीदही काकांच्या हसण्याची नव्हतीच. वारा होता. बाजूच्या खिडकीतून येत होता. खिडकी लावावी, तर तिथेच फळीवर आईचा फोन ठेवलेला. लॅपटॉपला नेट त्याच फोनवरून, आणि घरात रेंज तेवढ्याच जागी येत होती. आत धावत जाऊन चादर धरावी, तर कॅमेऱ्यात आपलाच चेहरा. हाक मारावी, तर आवाज.

चादरीचं टोक परत हलू लागलं.

मेघालीने अंगणात वाळत घातलेल्या चिंचा भराभर जमिनीवर ओतल्या, खालची चटई ओढून घेतली आणि घराला वळसा घालून खिडकीशी पळाली. खोलीकडे पाठ केली. दोन्ही हात ताणून चटई वाऱ्याला आडवी धरली. वारा चटईला ढकलायचा, चटई तिला. गजांत पाठ रुतत होती.

आत काही क्षण काहीच नाही. मग टकटक, टकटक. आई पुन्हा लिहायला लागली होती.

हात भरून आले. चटईचं एक टोक निसटू लागलं. तेवढ्यात नरहरीकाका कुंपणाशी दिसले. "अगं, कोयता..." म्हणायला त्यांनी तोंड उघडलं मात्र, मेघालीने डोळे वटारले आणि हनुवटीने त्यांना चटईचं निसटणारं टोक दाखवलं. काकांनी तोंड मिटलं, येऊन ते टोक धरलं, आणि आईचा पेपर संपेपर्यंत तिसरं टुण्‌ काही वाजलं नाही.