कोंडाजीचं तिखट

"ह्यात मिरची हाय, का नुसता रंग कालवलाय?"

कोंडाजीने ताट पुढे लोटलं. वांग्याचा रस्सा काठावरून फरशीवर सांडला. कलाबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून फडकं घेऊन आली आणि पुसायला खाली बसली. आज तिने रोजच्या दुप्पट तिखट घातलं होतं. पुसतानाही तिच्या नाकात झणका जात होता.

"लय टाकलंय हो आज. चाखताना मला गिळवंना."

"तुला काय कळतंय? तुझी जीभ हाय का कातडं?"

भाकरी करपल्याचा वास आला तशी कलाबाई उठली.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कोंडाजीची निवृत्तीपर्यंतची सगळी नोकरी झाली. तिथे त्याचं नाव होतं ते तिखट खाण्यात. डब्याबरोबर तो कच्च्या मिरच्या काकडीसारख्या चावायचा आणि बाकीचे बघत बसायचे. घरी मात्र त्याचा सगळा राग ताटावर निघायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एकदा त्याने चार सोबती जेवायला आणले होते. रस्सा मिळमिळीत निघाला. कोंडाजीने टोपलीतल्या लवंगी मिरच्या मूठभर उचलून कलाबाईपुढे टाकल्या.

"खा. तिखट कशाला म्हणत्यात ते कळू दे."

तिने सगळ्यांसमोर बसून त्या खाल्ल्या. तेव्हा निकिता पोटात होती. पाण्याचा तांब्या कोंडाजीने पायामागे धरला होता. सासू तांदूळ निवडत राहिली. सोबती आधी हसले, मग गप्प झाले. त्यांतला गोटीराम तेवढा खाली मान घालून बसला होता; पण तोही उठला नाही.

पुढे कलाबाई तिखट करायला शिकली. कोंडाजीचं खाऊन खाऊन तिचं पोट कामातून गेलं. मग ती दह्याबरोबर भाकरी खाऊ लागली. कोरोनात कोंडाजी तापाने फणफणला, महिनाभर अंथरुणाला खिळला. उठला तो हा असा. भाजी कुठलीही करा, त्याला पुचाटच लागायची. ती मिरच्या वाढवत गेली आणि तो ताट लोटत गेला.

एका रविवारी निकिता आणि जावई आले. योगेश तोफखान्यात हवालदार. नागालँडची ड्यूटी संपवून तो देवळाली कॅम्पला परत आला होता. येताना त्याने कागदात बांधून सुरकुतलेल्या लालभडक मिरच्या आणल्या होत्या.

"मामा, तुमच्यासाठी खास. तिकडं हिला राजा मिरची म्हणतात. मामी, अर्धीच टाका बरं का. आमच्यातला एक पैलवान गडी रडला होता."

"पैलवान रडला असंल," कोंडाजी म्हणाला. "सगळ्या टाक गं. बघू तरी."

कलाबाईने मटण शिजायला घातलं. शिजल्यावर निकितासाठी थोडा रस्सा वेगळा काढला. मग मिरच्यांकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली. कोंडाजीच्या तोंडून एकदा तरी 'हाय' निघाली पाहिजे, एकदा तरी त्याने पाण्यासाठी हात पसरला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. तिने सगळ्या मिरच्या तेलात सोडल्या.

घरात धूर कोंडला. डोळ्यांपुढे अंधारी आली. ठसक्याने जीव घाबरला तशी ती मागच्या दाराने अंगणात पळाली आणि पोट धरून खोकत बसली. हातांची आग होत होती. नळाखाली धरले तरी राहीना. निकिताने आतून ओरडून विचारलं, "आई, काय जाळलंस गं?" ओल्या पदराने नाक दाबून कलाबाई आत गेली आणि फोडणी रश्श्यात ओतली.

कोंडाजीने भाकरी चुरली, वर रस्सा ओतला आणि पहिला घास घेतला. कलाबाई दाराला टेकून बघत होती. त्याच्या टकलावर घाम फुटला. नाक गळू लागलं. डोळ्यांतून धारा लागल्या. पण हात थांबला नाही. त्याने वाटी पुन्हा पुढे केली.

"आज जेवण झालं," तो म्हणाला. "इतक्या दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं."

योगेशने बोटाच्या टोकाने चाखलं आणि तो मोरीकडे पळाला. निकिता आपल्या वाटीतला रस्सा प्यायली आणि तिने तोंड वाकडं केलं.

"आई, मीठ विसरलीस की."

कलाबाई चमकली. खरंच. मिठाच्या बरणीला तिने हातच लावला नव्हता. दोन्ही रस्से एकाच पातेल्यातले.

"मीठ बरोबर हाय," कोंडाजी म्हणाला. "उगं आईच्या चुका काढू नको."

असं तो जन्मात बोलला नव्हता. निकिताला हसू आलं. कलाबाईला आलं नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्याने बशीत ओतून फुर्रफुर्र करत सगळा प्यायला आणि बशी खाली ठेवली. कलाबाई आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

त्या आठवड्यात तिने त्याला काय काय वाढलं! आंबलेली डाळ वाढली. अळणी खिचडी वाढली. आणि जवळ बसून, कधी नव्हे ते, प्रेमाने विचारलं, "कसं झालंय?" कोंडाजी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि मग जपून म्हणायचा, "चाललंय." त्याची ती नजर बघून तिला बरं वाटायचं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग गोटीराम भेटायला आला. तोही निवृत्त झाला होता, हातात काठी आली होती. कलाबाईने दोन कप चहा आणला. कोंडाजीने घोट घेतला आणि सोबत्यासमोर जुन्या सवयीने कपाळाला आठ्या घातल्या.

"साखर किती टाकलीस गं? गुळवणी झालीय नुसती."

"हो का?" कलाबाई म्हणाली. "गोटीरामभाऊ, तुम्ही घ्या बरं ह्यांच्या कपातला एक घोट."

"राहू दे वहिनी..."

"घ्या म्हणते ना."

गोटीरामने घोट घेतला आणि तो त्याला गिळताही येईना, थुंकताही येईना.

"वहिनी, हे तर मीठ हाय."

कलाबाई हसली. मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. गोटीरामने कोंडाजीकडे बघितलं नाही. काठी घेऊन तो उठला, दारात चपला चाचपडत पायात घातल्या आणि गेला.

कोंडाजी म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"मटण केलं त्या दिवशी. तुम्हाला?"

"ताप उतरला तव्हाच. ना वास, ना चव. माती खाल्ल्यागत. तिखट तेवढं कळतं. भाजतं म्हणून जेवल्यागत वाटतं."

"म्हणजे माझी चूक नाय, हे ठाऊक होतं तुम्हाला."

कोंडाजीने कप दूर सारला.

"मग ताट का लोटत होता?"

तिने दोन्ही कप उचलले आणि विसळायला नेले.

कलाबाईने निकिताला सांगितलं, तसा योगेशने डॉक्टरकडे चला म्हणून दोनदा फोन केला. कोंडाजी गेला नाही. ताट लोटणं मात्र संपलं. समोर येईल ते तो मुकाट्याने खाऊ लागला. गोटीराम पुन्हा आला नाही, आणि कोंडाजीही पारावर जायचा बंद झाला.

एके दुपारी दोघं समोरासमोर जेवायला बसली. कलाबाईने मेथीची भाजी केली होती. कोंडाजीने घास केला, तोंडापर्यंत नेला आणि थांबला.

"मीठ बरोबर हाय का गं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

कलाबाईच्या तोंडात घास होता. ती सावकाश चावत राहिली. बाहेर भाजीवाली ओरडत गेली, तिकडे तिने मान वळवली. कोंडाजी हातातला घास तसाच धरून तिच्या तोंडाकडे बघत बसला.