खांद्यावरचा हात

तांब्यावरचं भांडं खणकन खाली पडलं आणि चारुशीलेचा ब्रश हवेतच थांबला. मांजर होतं. खिडकीतून उडी मारून ते गेलंसुद्धा. पलंगावर गोपिकेनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. चारुशीलेनं श्वास सोडला. म्हणजे अजून अर्धा-पाऊण तास आपला!

सीताबर्डीवर श्रीधरचा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. फोटो श्रीधर काढायचा. पण नवरीच्या गालावरची पुटकुळी घालवणं, मिटलेले डोळे उघडणं, टकलावर चार केस पेरणं, ही सगळी चोरटी कामं दुपारी पोर झोपली की चारुशीला करायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "श्रीधरभाऊंचा हात लई साफ!" पडद्याआड भांडी घासता घासता ती गालात हसायची.

आज मांडीवरच्या पाटावर चंपतराव होते. वारून वर्ष होत आलं होतं. उद्या वर्षश्राद्ध, आणि चार वाजता त्यांची बायको रुखमाबाई मौद्याहून फोटो न्यायला येणार होती.

आठ दिवसांपूर्वी ती कोणाच्याशा लग्नातला जुना फोटो पदरात गुंडाळून आली होती. फोटोत दोन गडी, काळ्या कोटातले. चंपतराव खदखदून हसताहेत आणि शेजारच्याचा हात त्यांच्या खांद्यावर.

"हे एकटेच मोठे करून दे," ती चारुशीलेला म्हणाली होती. "अन् हा हात काढून टाक वं बाई."

"कोणाचा आहे?"

"शालिकरामचा. दोघांच्या वावरामधल्या धुऱ्यावरून भांडन झालं, तवापासून तेरा वर्षं बोलले नाही एकमेकांसंग. आता भिंतीवर जलमभर त्याचाच हात घेऊन बसतीन का हे?"

"दुसरा एखादा फोटो नाही का?"

"कॅमेरा दिसला की वावरात पळे हा मानूस!"

"मग हसणं ठेवू ना? हार घालायचा फोटो आहे म्हणून विचारते."

"हसनं काहून काढतं वं? तेच तर मले त्या भांडनामांगून पाह्यले भेटलं नाही." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं होतं.

श्रीधरनं एकटे चंपतराव मोठे करून दिले होते आणि पुढचं काम तसं सोपं वाटलं होतं. काळा कोट, त्यावर गोरा हात; शाईनं झाकत जायचं. ओठांत ब्रशचं टोक ओलं करून चारुशीलेनं करंगळी पुसली. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. आणि तिच्या लक्षात आलं की एकेक बोट जाईल तसतसं चंपतरावांचं हसणं बिघडत चाललंय! हात होता तेव्हा गड्याला कोणीतरी कानात काही चावट सांगितल्यासारखं दिसत होतं. आता ते शेजाऱ्याची कोंबडी दाबून उभे असल्यासारखे दिसायला लागले.

तिनं खिशाला पेन रंगवून पाहिलं. मास्तर झाले, पण कोंबडीचोरच. ओठांचे कोपरे जरा खाली ओढले, तर पोट दुखल्यासारखा चेहरा झाला. घाईघाईनं ओल्या कापसानं पेन आणि ओठांवरची शाई टिपून काढली. तीन वाजून गेले होते. कोटावर आता फक्त अंगठा उरला होता.

तिनं ब्रश टेकवला आणि उचलला. अंगठा होता तोवर चंपतराव थोडेतरी माणसात होते. ती स्वतःशीच खुदकन हसली, अंगठ्याच्या कडा गोल केल्या, मधोमध दोन बारीक टिंबं दिली आणि त्याचं बटण करून टाकलं. खांद्यावर बटण शिपायांना असतं, शेतकऱ्याला नसतं, हे तिला कळत होतं. पण हसणं जाग्यावर आलं होतं.

रुखमाबाई चारला आली. फोटो हातात घेऊन खूप वेळ पाहत राहिली. "गेला हात," ती म्हणाली. मग तिचं बोट नेमकं तिथंच गेलं. "अन् हे बटन कायचं वं?"

"कोटाचं."

"खांद्यावर?"

चारुशीलेनं ब्रश पदराआड केला. रुखमाबाईनं तिच्या शाईनं काळ्या झालेल्या ओठांकडे पाहिलं, मग फोटोकडे. आपला अंगठा त्या बटणावर ठेवला. चंपतराव लगेच कोंबडीचोर झाले. तिनं अंगठा उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "हाराखाली झाकून जाईन. कोनाले सांगू नको, शालिकरामले तर नाहीच."

तेवढ्यात गोपिका डोळे चोळत उठून आली. जुना फोटो पाटाजवळच पडला होता. तिनं तो उचलला, नव्याशेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"आई, ते दुसरे आजोबा गेले ना? मग हे आता कोणासोबत हसून राहिले?"

चारुशीलेनं रुखमाबाईकडे पाहिलं. रुखमाबाई नवा फोटो पदरात गुंडाळत होती. तिचे हात तिथंच थांबले.