गणवेशाची आतली बाजू

शिंपीमास्तरांच्या हाताची ख्याती अशी, की एका हवालदाराचं पोट त्यांनी शर्टात दडवलं, ते आठ दिवस त्याच्या बायकोलाही सापडेना. ही गोष्ट मास्तर स्वतःच सांगत, तेव्हा खरीच असणार.

अशा माणसाच्या पोरीला गणवेश घट्ट होईल तरी कसा?

पोर तेरा वर्षांची, लाडाने चिमणी. शाळा सुटली की थेट दुकानात, ताग्यांमागच्या स्टुलावर. आई कारखान्यातून आठला परतायची. मागच्या गल्लीत पूर्वी पोरं धावायची, आता तिथे गाड्या उभ्या. “बाहेर नको गं, कुणीतरी ठोकेल,” मास्तर म्हणत, आणि पोर गप्प बसावी म्हणून हातात मोबाइल नि मांडीवर वेफर्सचं पाकीट देत. गिऱ्हाइकांच्या गर्दीत तेवढंच सुचायचं.

पोर अंगाने भरत गेली. ज्या नजरेतून अर्धा इंच सुटत नसे, तिच्यातून हे कसं सुटेल? पण तिला वाईट वाटू नये म्हणून रविवारी ती आंघोळीला गेली की मास्तर गणवेश उलटा करत, शिवणीत राखलेलं कापड बोटभर सोडत, नवी टीप मारत, वर इस्त्री फिरवत. वर्षात चार वेळा. बायकोलाही पत्ता नाही. वर स्वतःची पाठ थोपटून घेत, ते वेगळंच.

त्या मंगळवारी चिमणी दुकानात आली, पण स्टुलावर बसली नाही.

“शाळेत तपासणी झाली. नर्सबाई म्हणाल्या, वर्षात अकरा किलो वाढलं.”

“काटा बिघडला असेल त्यांचा.”

“मीही तेच म्हटलं. सगळ्या वर्गासमोर. म्हटलं, हा गेल्या वर्षीचा गणवेश, अजून बरोबर बसतोय. माझे बाबा शिंपी आहेत.” ती थांबली. “सगळे हसले. नर्सबाईंनी बाहीची शिवण उलटून पाहिली. त्या नाही हसल्या.”

मास्तरांनी मशीनचं चाक उगाच फिरवलं. “तुला वाईट वाटू नये म्हणून गं, चिमणे.”

“सांगितलं असतं तर मी धावले असते, बाबा. मला आवडायचं धावायला.”

तिने खुंटीवरची टेप काढून पुढे केली. “माप घ्या.”

गावभराची मापं घेतलेल्या माणसाने वर्षभर पोरीला टेप लावली नव्हती, नजरेवरच भागवलं होतं. त्यांनी टेप कमरेला गुंडाळली आणि सवयीने किंचित आवळली, हवालदाराची आवळत तशी.

“ओढू नका.”

मास्तरांनी बोटं सैल केली आणि खरा आकडा वाचला. तोंडातल्या तोंडात वाचला, म्हणून तिने पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा सांगितला.

त्या दिवशी पाचलाच शटर खाली आलं. दोघं मैदानाकडे निघाली. मास्तर तिचा हात धरायला गेले, पण तिने दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे धरले होते. ती चार पावलं पुढे चालत राहिली, आणि गणवेशाची शिवण मास्तरांना मागून दिसत राहिली. एक टाका वाकडा नव्हता.