बनियनवरची हळद

तो बनियन आजही दोरीवर होता. सुलोचनाबाई त्याला रोज साध्या पाण्यातून काढायच्या आणि अंगणात जिथे ऊन सर्वांत जास्त वेळ टिकतं, तिथे उलटा करून वाळत घालायच्या. हळदीचा डाग उन्हात उडतो हे घरोघरी माहीत असतं. तो का उडतो हे त्यांची मुलगी वर्षाली बी.एस्सी.ला शिकली होती. पण हा डाग चिवट होता. अपघातानंतर ऋतिकच्या छातीवर काळानिळा वळ उठला, तेव्हा आईनं आंबेहळद आणि घरची हळद गरम करून, बोटानं बरोब्बर वळावरून, सकाळ-संध्याकाळ लेप ओढला होता. वळ आता गेला होता. बनियनवर मात्र खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा पिवळा पट्टा राहिला होता.

"फेकून दे ना आई तो," वर्षाली म्हणाली.

"नवा हाये. काऊन फेकू? उडते हळद."

ऋतिक, तिचा धाकटा भाऊ, आतल्या खोलीत बाजेवर पडून होता. दार अर्धं लोटलेलं. मित्र नीरजबरोबर हिंगणघाटहून सिंदी मेघेला परत येताना घरची कार दुभाजकावर चढून उलटली होती. वेग असा, की एक चाक पार कपाशीच्या वावरात सापडलं. आजूबाजूच्या लोकांनी दोघा मित्रांना ओढून रस्त्याकडेला निजवलं. पोलीस आले तेव्हा कोण कुठल्या सीटवर होतं, हे ठामपणे सांगणारं कोणी नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ऋतिकनं सांगितलं, गाडी नीरज चालवत होता. नीरज तोवर गेला होता.

गुन्हा नीरजच्याच नावावर लागला. "मेलेल्यावर खटला नाई चालत," वडिलांनी, नानाजींनी, जेवताना समजावलं होतं. "फाइल आपोआप बंद होते. त्याले आता कायचा त्रास? अन् आपल्यालेबी नाई." वर्षालीनं हातातला घास तसाच धरून ठेवला होता. बोलण्यात कुठे चूक काढता येत नव्हती, आणि तेच तिला खुपलं होतं.

आज नानाजी स्कूटरवर पोलीस जमादाराला आणायला गेले होते. ऋतिकची जबाबावर सही झाली की सारं मिटणार होतं.

फाटक वाजलं. नीरजची आई, चतुराबाई. काल त्याची तेरवी झालेली, आणि आज कडेवर भाजीची टोपली. कडेनं वांगी, मधे पालक, पालकावर ओलं फडकं.

"ऋतिकले पाह्याले आलो," ओट्यावर टेकत ती म्हणाली. "इतके दिवस निंगनंच नाई झालं."

"झोपला हाये," सुलोचनाबाई घाईनं म्हणाल्या. आत बाज करकरली.

"झोपू द्या मंग." चतुराबाईनं टोपली बाजूला सारली. "बाजारात जागा धरली, तं बाजूची धुरपता काय म्हने? तुह्या पोराच्या हातात स्टेरिंग नाई, उडवाले इमान द्याले पाह्यजे होतं म्हने. हसले समदे. मीबी हसलो बाप्पा. काय करतो?"

तिनं पालकावरचं फडकं नीट केलं.

"मले एकच समजत नाई. आमच्या छोट्या हत्तीत टमाटे भरून आनताना तो इतका हळू चालवे, का मागचे पोट्टे हॉर्न वाजवून वाजवून थकत. म्हने, माय, टमाटं फुटलं तं कोन घेईन? अन् तुमच्या गाडीत बसला, तं काय झालं त्याले?" ती वर्षालीकडे वळली. "तू तं सायन्स शिकली पोरी. एक इचारू?"

"विचारा ना काकू."

"बिनलग्नाचा गेला, म्हनून जाताना मी त्याले हळद लावली. तवा पाह्यलं. हे असा वळ होता." तिनं बोट डाव्या खांद्यावर ठेवलं आणि छातीवरून तिरपं खाली उजव्या कमरेपर्यंत आणलं. "बामनाच्या जानव्यावानी. हे कायचं असते?"

डावा खांदा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्याच्या सीटबेल्टचा पट्टा उजव्या खांद्यावरून उतरतो. शेजारच्याचा डाव्या. याला कुठल्या प्रयोगशाळेची गरज नव्हती. तिनं दोरीकडे पाहिलं. बनियन उलटा टांगलेला, उजवं कुठलं आणि डावं कुठलं ते एकदम कळत नव्हतं. आपण चुकत असू अशी तिनं क्षणभर मनापासून आशा केली.

सुलोचनाबाईही तिकडेच पाहत होत्या. लेप त्यांच्याच बोटानं ओढलेला; त्यांना बनियन सुलटा करून पाहायची गरज नव्हती.

त्या उठल्या. दोरीवरून बनियन ओढला, मोरीजवळच्या बादलीत बुचकळला आणि कपड्याच्या साबणाची वडी त्यावर घासू लागल्या. इतके दिवस साधं पाणी वापरणारी ही बाई, सगळं ठाऊक असूनही, घाबरून साबणाला हात लावून बसली.

"आई, साबण नको—"

उशीर झाला होता. हळदीला साबण लागला आणि पिवळा पट्टा डोळ्यांदेखत लाल झाला. उजळ, ताजा लाल. सुलोचनाबाई घासत राहिल्या, तसतसा तो जास्तच उठून दिसू लागला.

"हे काय करून राह्यल्या बाई?" चतुराबाई जवळ आली. तिनं त्यांच्या हातातून बनियन सोडवून घेतला, न पिळता सुलटा केला आणि मापाला धरावा तसा स्वतःच्या छातीशी लावला. पट्टा तिच्या उजव्या खांद्यावरून निघून डाव्या कमरेला पोचला. साबणाचं पाणी तिच्या लुगड्यावर ठिबकत राहिलं.

"त्याचा हिकडून होता," ती आपल्या डाव्या खांद्याला हात लावून सावकाश म्हणाली. "अन् ह्याचा तिकडून."

आत बाजेची करकर थांबली होती.

"वर्षाली," सुलोचनाबाई म्हणाल्या. पुढे काही नाही, नुसतं नाव. बादलीतला हात त्यांनी बाहेर काढला नाही.

वर्षालीला एवढंच म्हणायचं होतं, की मला ठाऊक नाही. चतुराबाईनं विश्वास ठेवला असता. तिनं जबाबावरही ठेवला होताच. दाराच्या फटीत भावाचा एक डोळा दिसत होता. लहानपणी काच फोडली की तो असाच दाराआड उभा राहायचा, आणि वर्षाली सांगायची, मांजरानं पाडली.

"काकू," ती म्हणाली, "गाडी जो चालवतो, त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो."

दार आतून बंद झालं. कडी लागली.

चतुराबाईनं मान हलवली, बाजारात एखाद्यानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. मग ओला बनियन तसाच कवटाळून ती पुन्हा ओट्यावर बसली. गल्लीच्या तोंडाशी नानाजींच्या स्कूटरचा आवाज आला, आणि मागे बसलेल्या माणसाचं हसणं.

"दे वो पोरी पानी," चतुराबाई म्हणाली. "जमादाराशी बोलेपर्यंत मी इथंच बसतो."