कंपनीतलं दुसरं नाव

शिवाजी पेठेत मिरची कांडायचा डंक चालवायचा म्हणजे शिंका आणि भांडणं दोन्ही अंगवळणी पडावी लागतात. स्वप्नालीच्या ती कधीच पडली होती. तिला धास्ती होती ती गिरणीमागच्या शेंदूर फासलेल्या दगडातल्या जागेवालीची, त्या जागेच्या राखणदारणीची. दरसाल हंगामाच्या तोंडावर तिच्यापुढं नारळ फोडून एक नाव सांगावं लागे, यंदा गिरणीला जबाबदार कोण ते. ज्याचं नाव, त्याच्यावर तिची नजर. सासऱ्यांचं नाव होतं तेव्हा त्यांचा हात डंकाखाली गेला. नवऱ्याचं, कृष्णातचं होतं तेव्हा तो भर दुपारी गिरणीच्या दारात बसल्या जागी गेला. गिरणी विकायची म्हटली तर गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच माघारी फिरायचं. गेली तीन वर्षं स्वप्नाली स्वतःचं नाव सांगत होती. आपल्यानंतर लेकीचं, तेजस्वीचं सांगावं लागणार, हे तिला दिसत होतं.

अशात पुण्याच्या दुकानांकडून मसाल्याची मोठी ऑर्डर येऊ घातली, आणि प्रसेनजीत सीए आपल्या माडीवरच्या ऑफिसात तिला म्हणाला, प्रायव्हेट लिमिटेड करून टाका.

"कंपनी म्हणजे कायद्यानं वेगळंच माणूस, ताई. मालावरनं कुणी दावा लावला तर तो कंपनीवर. तुमच्या घराला हात लागत नाही. मालक गेला तरी कंपनी मरत नाही."

"म्हंजे जबाबदार तीच?"

"तीच की."

स्वप्नालीला हसूच फुटलं. यंदा नारळ फोडून कंपनीचंच नाव सांगायचं! लाव म्हणावं नजर. हात नाही, पाय नाही, जीव नाही. जागेवालीला कागदावर गंडवायचं पेठेतल्याच बाईला सुचावं.

घोडं अडलं फॉर्मवर. कंपनीला माणसं दोन लागत होती.

"एकटीची होत न्हाय?"

"होते. पण तुमच्या पश्चात कोण, ते नाव त्यातही आधीच द्यावं लागतं." प्रसेनजीतनं लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. "काळजी नको. दुसरं नाव घातलंय मी."

तेजस्वी कृष्णात चौगले.

स्वप्नालीनं त्याला लेकीचं नाव कधी सांगितलं नव्हतं. लेक आहे हेसुद्धा नाही.

"कुणी सांगितलं तुमास्नी?"

"ह्या आज्जींनीच की. मघाशी तुम्ही फोनवर होता तेव्हा." त्यानं तिच्या शेजारच्या खुर्चीकडं हात केला आणि शिंकला.

खुर्ची रिकामी होती. बाहेर रणरणतं ऊन होतं, खाली रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते, आणि खुर्चीच्या गादीला कुणी बसल्यागत खळगा पडला होता. स्वप्नालीनं आपली खुर्ची मागं सरकवली. जिला गंडवायला ती निघाली होती, ती आधीच येऊन बसली होती. आणि कंपनीला लागायचं तेच दुसरं नाव तिलाही हवं होतं.

"पुसा ते. आदी पुसा!"

"अहो, पण—"

"न्हाय करायची कंपनी. हाय तसंच ऱ्हाऊ दे, माझ्या एकटीच्या नावावर."

"मग काही झालं तर सगळं तुमच्यावर, तुमच्या घरा-दागिन्यांवर येणार. आणि तुमच्या माघारी कायद्यानं हा धंदाच उरणार नाही, ताई."

"उरायला नगंच." ती खुर्चीकडं वळली. "ऐकलंस न्हवं? समदं माझ्यावर. पोरीचं नाव आज न्हाय, मी मेल्यावर बी न्हाय. गिरणी माझ्यासंगट संपणार."

प्रसेनजीतनं नाव पुसलं. मग तो तिच्या खांद्यामागं बघत राहिला.

"आज्जी उठल्या वाटतं," तो हळूच म्हणाला. "तुमच्या मागं उभ्या आहेत. रागावल्यात का?"

स्वप्नालीच्या खांद्यावर हात पडला होता आणि कातडी तिखट लागल्यागत भाजत होती. तिनं मागं पाहिलं नाही.

"रागवू दे," ती म्हणाली. "आता तिला माझ्याबिगर कोण न्हाय."