चेहऱ्यावरचा चेंडू

खोपटच्या वर्कशॉपमधून परशुराम वैती घरी आला तो चपला न काढताच आत शिरला. माधवीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तिथंच ओळखलं की आज काहीतरी बिनसलंय. एरवी हा माणूस दाराबाहेर पाय झटकल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

परशुराम बसच्या सीटा शिवतो. बावीस वर्षं तेच काम, हात पक्का बसलेला. राहायला ठाण्यातल्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आई दगडाबाई बाजारात मासळी विकते, माधवी माजिवड्याला एका दवाखान्यात कामाला जाते आणि एकुलती एक मेघाली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शांत, कष्टाळू माणसांचं घर. त्या संध्याकाळी मात्र शांतता पार पळून गेली, कारण परशुरामनं मोबाइल मेघालीच्या पुढे धरला आणि हे काय म्हणून विचारलं.

फोटो तिचाच होता. कल्याणच्या सामन्यातला. नेटच्या वर उडालेली मेघाली, हात मागे खेचलेला, तोंड उघडं, अंगात संघाची निळी जर्सी आणि शॉर्ट. संघाच्या इन्स्टाग्रामच्या पेजवरून तो फोटो परशुरामच्या चुलतभावानं, विठ्ठलनं, उचलला होता आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं, ‘परशुराम, पोरीला जरा आवर.’

आता हा विठ्ठल तुमच्याही ओळखीचा आहे बरं का. नाव देवाचं, पण सकाळी सुविचार पाठवायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या मुलींची मापं काढायची, हा उद्योग. असा एक प्रत्येक ग्रुपवर असतोच. आणि गंमत अशी की शंभर माणसांनी कौतुक केलेलं आपल्याला ऐकू येत नाही, पण या एकाचं कुजबुजणं थेट काळजात घुसतं.

मेघालीनं समजावून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी तिचा व्हॉलीबॉल संघ रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळायचा. प्रशिक्षक हेमाताई डोंबिवलीच्या, एका शाळेत खेळ शिकवायच्या. त्या घरोघर फिरून मुली मागायच्या आणि लोक विचारायचे, मुलींचा असा संघ असतो का? मग ऋजुता संघात आली. तीही डोंबिवलीची, खेळायला बेताची, पण फोटो काढण्यात वस्ताद. तिनं ‘खाडीच्या पोरी’ नावाचं पेज काढलं. सरावाचे व्हिडिओ, गुडघ्यावरच्या जखमा, जिंकल्यावरचा दंगा, हरल्यावरची रडकी तोंडं, सगळं त्यावर यायचं. बघता बघता चार हजार लोक ते पेज बघायला लागले. खडवलीच्या मंडळानं आपणहून सामन्याला बोलावलं. सात मुलींच्या अकरा झाल्या. कॅप्टन मेघाली, त्यामुळे तिचे फोटो जास्त, एवढंच.

परशुरामनं सगळं ऐकलं आणि निकाल दिला. खेळ हवा तेवढा खेळ. पण तुझं तोंड त्या पेजवर दिसता कामा नये. समाजात राहायचंय आपल्याला.

माधवी काहीतरी बोलायला गेली, पण त्यानं ऐकून घेतलं नाही. मेघाली वाद घालणारी नाही. तिनं ऋजुताला कळवलं. फोटो काढून टाकावे तर पेजवर उरलं काय असतं? प्रत्येक स्मॅशमध्ये ही. शेवटी ऋजुतानं तोडगा काढला. जुन्या-नव्या सगळ्या फोटोंत आणि व्हिडिओंत मेघालीच्या चेहऱ्यावर एक पिवळा चेंडू चिकटवला. अकरा मुलींच्या फोटोत दहा चेहरे आणि एक चेंडू! हेमाताईंना हे मुळीच पटलं नव्हतं. पण घरच्या भांडणात मुलगी मैदानावरूनच जाईल, या भीतीनं त्या गप्प राहिल्या.

तीन आठवडे असे गेले. परशुरामला वाटलं, चला, अब्रू वाचली.

आणि मग डोंबिवलीच्या मोठ्या स्पर्धेचं पत्र आलं. आठ संघ. आयोजकांची पद्धत अशी की प्रत्येक संघाच्या कॅप्टनचा मोठा फोटो मैदानाच्या दाराशी लावायचा, नावासकट. फोटो दोन दिवसांत द्या म्हणाले. मेघालीनं घरी विचारलं. परशुराम जेवत होता. पानावरून मान वर न करता म्हणाला, मग दुसरीला कॅप्टन करा.

झालं. दोन वर्षं जिनं संघ बांधला तिचं कॅप्टनपद भाताच्या दोन घासांमध्ये संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये डबे उघडले. महिन्यापूर्वी कामाला लागलेला प्रणित परशुरामच्या शेजारी बसला. हा कल्याणचा, याला कोणाच्या घरचं काही ठाऊक नाही. त्याला दहा वर्षांची मुलगी आहे. त्यानं कौतुकानं मोबाइल पुढे केला आणि एक व्हिडिओ दाखवला. निळ्या जर्सीतली एक मुलगी उडाली, हात फिरला, बॉल समोरच्या कोपऱ्यात असा आपटला की पलीकडच्या तिघी नुसत्या बघत राहिल्या. मुलीच्या तोंडावर पिवळा चेंडू.

“दादा, माझी पोरगी रोज बघते हिला,” प्रणित म्हणाला. “मला पण असं खेळायचंय म्हणते. पण ही कोण, ते कळायला मार्ग नाही. बाकी सगळ्यांची तोंडं दिसतात, हिचंच लपवलंय. काहीतरी भानगड असणार पोरीची, नाहीतर कोण कशाला तोंड झाकेल?”

परशुरामच्या हातातला घास हातातच राहिला. ही माझी मुलगी, असं ओठांवर आलं होतं. पण ते म्हणावं तर पुढचा प्रश्न होताच, की मग तोंड का झाकलंय? आणि त्याचं उत्तर काय द्यायचं? इतकी वर्षं या जागेवर बसून त्यानं पोरीचं कौतुक सांगितलं होतं. दहावीचे मार्क सांगितले होते, पेढे वाटले होते. आज तिच्या सगळ्यात मोठ्या पराक्रमासमोर तो अनोळखी माणसासारखा बसला आणि “हो का?” एवढंच म्हणाला. डबा त्यानं तसाच बंद केला. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

घरी आला तर ओटीवर मेघाली जर्सी मांडीवर घेऊन बसलेली. व्हॉलीबॉलमध्ये कॅप्टनच्या नंबरखाली एक पट्टी असते. ती पट्टी परशुरामनंच शिवून दिलेली, वर्कशॉपच्या मशीनवर, सीटच्या जाड दोऱ्यानं, कधी निघू नये म्हणून. ती आता मेघाली ब्लेडनं उसवत होती. नव्या कॅप्टनच्या जर्सीवर लावायची होती. टाके काही केल्या निघेनात. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

दगडाबाई नुकतीच बाजारातून आली होती. नळाखाली पाटी घासता घासता तिनं नातीकडे पाहिलं, मग लेकाकडे. हात पुसले आणि समोर येऊन उभी राहिली.

“परशा, चाळीस वर्सं मी बाजारात बसतंय,” ती म्हणाली. “कासोटा गुडघ्यावर, पाय उघडे. खाडीत उतरायची तवा लुगडं मांडीपरत खोचलेलं असायचं. कोन बोललं मना? त्याच पायांवर उभी राहून तुला वाढवला. आन् आता माज्या नातीच्या गुडघ्यांनी तुजी अब्रू जाते?”

परशुराम म्हणाला की बाजार वेगळा आणि मोबाइल वेगळा. तिथं सगळं जग बघतं.

“मंग बघू दे की! बघावं म्हनून तर मांडायचं. ताजं म्हावरं कवा झाकलंय आमी? गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दावतो. फडका टाकून बसते ती शिळं इकनारी. येनारा-जानारा बघतो आन् म्हनतो, हितं कायतरी खोट हाय.”

“आई, माझी पोरगी काय म्हावरं आहे का?”

“पोर नाय रे. तिची मेहनत. तिच्या मेहनतीवर फडका टाकलास तू. खोट नसताना जगाला खोट दावलीस.”

भानगड! दुपारचा तो शब्द परशुरामच्या कानात पुन्हा वाजला. विठ्ठलनं एका फोटोवर एक ओळ लिहिली होती. पण मुलीच्या चेहऱ्यावर संशयाचा शिक्का मारला तो कोणी? तिच्या सख्ख्या बापानं, स्वतःच्या हातानं!

तेवढ्यात मेघाली बोलली, मान खाली घालूनच. “बाबा, फोटो माझा. तोंड माझं. विठ्ठलकाकांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला सांगितलं. मला काय वाटतं ते कोणी विचारलंच नाही.”

परशुराम तिच्या शेजारी खाली बसला. तिच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. पट्टीचा सुटू लागलेला कोपरा अंगठ्यानं दाबून परत बसवला. मग म्हणाला, “चुकलो ग. आता विचारतो. तुला काय वाटतं?”

तिला काय वाटत होतं ते ऋजुताला फोनवर कळलं, आणि रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या फोटोंवरचे चेंडू गळून पडले. दारावर लावायला कुठला फोटो द्यायचा यावर थोडी घासाघीस झाली. परशुरामला केस नीट विंचरलेला पासपोर्टचा फोटो हवा होता. मेघालीनं गर्जना करतानाचा निवडला, घामानं भिजलेला, बत्तीस दात दिसणारा. माधवी म्हणाली, अगदी तुमच्यावर गेलीय यात. परशुराम लाजला, पण खूश झाला.

स्पर्धा रविवारी. मासळीवाल्यांना विचारा, रविवार म्हणजे काय असतो ते! तरी दगडाबाईनं जागेवर शेजारणीला बसवलं आणि ठेवणीतलं लुगडं नेसून डोंबिवलीला आली. दारावरच्या फोटोसमोर प्रणित मुलीला घेऊन उभा होता. परशुरामला बघून चकित झाला, म्हणाला, दादा, हीच ती, आता तोंड दिसायला लागलंय! परशुरामनं प्रणितच्या मुलीचा हात धरला, तिला फोटोजवळ नेलं आणि मोठ्यानं म्हणाला, “ही माझी मुलगी, मेघाली.” आजूबाजूच्या चार-पाच जणांनी वळून पाहिलं. पाहू देत. त्यानं पुन्हा एकदा सांगितलं.

खाडीच्या पोरींनी दोन सामने मारले आणि अंतिम सामना पाचव्या सेटमध्ये पंधरा-तेरा असा हरल्या. हरल्याचं दुःख झालंच. पण मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि त्या टाळ्या कोणासाठी आहेत हे प्रत्येकाला नावानिशी ठाऊक होतं.

सामन्यानंतर हेमाताईंभोवती पालक जमले. प्रणित त्यांत पुढे. एक गृहस्थ मात्र जरा बिचकत होते. मुलीला पाठवायचंय, पण तुम्ही इन्स्टाग्रामवर फोटो टाकता ना, म्हणाले. हेमाताई उत्तर द्यायला गेल्या, त्यांच्या आधी परशुराम बोलला.

“आधी पोरीला विचारा. नाही म्हणाली तर इथं कोणी जबरदस्ती करणार नाही. घाण लिहिणाऱ्यांना ताई आणि ऋजुता तिथल्या तिथे हाकलतात. पण ती हो म्हणाली, तर मध्ये येऊ नका साहेब. मी आलेलो. तीन आठवडे माझ्याच घरात माझ्याच मुलीला मी बिनचेहऱ्याची करून ठेवलेली. आणि माझ्यासमोर कोणीतरी तिचं कौतुक केलं, तेव्हा ती माझी आहे हे सांगायचं तोंड मलाच राहिलं नव्हतं.”

त्या गृहस्थांनी वळून आपल्या मुलीकडे पाहिलं.

मंडळी, चार लोक काय म्हणतील याचा धाक आपण मुलींना घालतो, त्या चार लोकांना कधी घालत नाही. वाईट बघणारा डोळा त्यांचा, आणि झाकायचं मात्र आपल्या मुलीला, हा कुठला न्याय? मुलगी घाम गाळून काही मिळवते, तेव्हा तिला जगापुढे यावंसं वाटलं तर येऊ द्या. लपवलेल्या गोष्टीला लोक खोट म्हणतात, आणि आपल्या लेकींत खोट नाही. अभिमान वाटत असेल तर तो नाव घेऊन, मोठ्यानं सांगा. त्या डोंबिवलीच्या मैदानावर एका सीटा शिवणाऱ्या बापानं तेच केलं, आणि ऐकणाऱ्या मुलीची मान त्या क्षणी जी वर झाली, ती हरलेल्या कॅप्टनची मुळीच नव्हती.