लाल पट्टीची बाटली

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही. घरात पाल निघाली तर नवरा खुर्चीवर चढतो आणि मी झाडू घेते. पण त्या सकाळचं आठवलं की अजूनही हातातलं शिवण खाली ठेवावं लागतं, टाका सरळ पडत नाही.

नवरा लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवतो. छताखाली रुळांवर सरकणारी क्रेन, आणि तिला टांगलेली काचेची खोली. आठ तास हा त्या खोलीत एकटा. फोन खालीच कपाटात ठेवावा लागतो, नियम आहे तो. त्याच्या पोटात व्रण झालाय, म्हणून डॉक्टरांनी साडेनऊची एक गोळी दिलीय आणि पाणी उकळूनच प्यायला सांगितलंय. ते उकळलेलं पाणी मी एका बाटलीत भरते. दुसऱ्या कुणी त्या बाटलीत नळाचं पाणी भरू नये म्हणून तिला लाल पट्टी चिकटवून ठेवलीय.

तर झालं असं, की मोटरसायकलची बॅटरी मेली. चार दिवस नवरा बसने जात होता आणि चार दिवस माझं डोकं खात होता. शेवटी मी माझ्या भावाला बोलावलं. त्याला सगळे बारक्या म्हणतात आणि तो दारातून आत येताना अंग चोरून येतो, इतका आडवा आहे. बॅटऱ्यांच्या दुकानात तो पंधरा वर्षं काम करतोय. म्हणाला, "ताई, फेकू नकोस. जुनं ॲसिड काढतो, धुतो, नवं भरतो. थोडं चार्जिंग केलं की चालेल वर्षभर."

सकाळी साडेसहालाच आला. चार्जर आणला, पाण्याच्या दोन जुन्या बाटल्यांत ॲसिड आणलं आणि मागच्या गॅलरीत बसला. एक बाटली अर्धीच लागली. दुसरी तशीच भरलेली होती, ती कुणाच्या पायाखाली येऊन सांडू नये म्हणून त्याने उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. केवढी अक्कल. पण तिला लाल पट्टी होती. त्याच्या दुकानात लाल पट्टी म्हणजे हात लावायचा नाही. तिथे हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून त्याने मलाही सांगितलं नाही.

सव्वासातला नवरा दारात उभा राहून ओरडत होता, "अगं, बस जाईल." मी ओट्यावरची बाटली उचलली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या पिशवीत घातली. जरा जड लागली. म्हटलं, काठोकाठ भरली असेल.

नऊला दहा कमी असताना बारक्या हात पुसत आत आला. "ताई, ओट्यावरची बाटली कुठे ठेवलीस?"

"कुठली बाटली?"

"लाल पट्टीची. ॲसिडची."

मी खिडकीकडे पाहिलं. माझी बाटली, उकळलेल्या पाण्याची, रात्री गार व्हायला ठेवली होती तिथेच उभी होती.

मी नुसतं त्या बाटलीकडे बोट दाखवलं, मग दाराकडे. बारक्याला आधी काहीच समजलं नाही, आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडत गेला. नवरा पाणी कसं पितो ते त्यालाही माहीत आहे. गोळी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, बाटली तोंडाला लावायची आणि अर्धी रिकामी झाल्याशिवाय खाली घ्यायची नाही. त्या गोळीची चव त्याला सहन होत नाही.

फोन लावला. वाजत राहिला. कपाटात वाजून काय उपयोग. कारखान्याचा जुना नंबर वहीत होता, तो बंद होता. कोपऱ्यावर पळत गेले, एक टॅक्सी नाही. बस चाळीस मिनिटांनी एक. परत आले तोवर बारक्याने बॅटरी चार्जरवरून काढून गाडीत बसवली होती.

"भरलीय का?" मी विचारलं.

"नाही गं. निम्मीसुद्धा नाही. सेल्फ घेणार नाही ती."

आमच्या गाडीला किक नाही. घेताना मी म्हटलं होतं किकवाली घेऊया, पण माझं ऐकतो कोण. बारक्याने दुसरा गिअर टाकला, क्लच दाबला आणि म्हणाला, "ढकल." मी ढकलायला लागले. पायात घरातल्या चपला, त्यातली एक कुठे गेली कळलंच नाही. उतार सुरू होईपर्यंत माझ्या छातीत कळ यायला लागली. त्याने क्लच सोडला, गाडीने गचका दिला आणि गप्प. पुन्हा ढकलली. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, मग धरलं, आणि मी पळतच मागे बसले.

"आता ही बंद पडता कामा नये," बारक्या म्हणाला. "सपाटीवर पडली तर आपली काही धडगत नाही."

रस्ताभर मी त्याच्या पाठीला डोकं टेकवून एकच विचार करत होते. बसमध्येच तहान लागली असेल तर? आज ऊन होतं. बसायला जागा मिळाली नसेल, घाम आला असेल, उतरल्यावर दोन घोट घेतले असतील तर आपण आत्ता कुणाला वाचवायला निघालोय? बारक्या रडत होता. एवढा आडवा माणूस, पाठ गदगदा हलत होती, आणि एक्सलेटर मात्र सोडत नव्हता. मी त्याला शिव्या घातल्या. घालायच्या तेवढ्या घातल्या, आणि मग स्वतःलाही घातल्या, कारण बाटली तर मीच दिली होती.

चौकात लाल दिवा लागला आणि पुढे ट्रक आडवा आला. बारक्याने ब्रेक मारला. इंजिन दोनदा थरथरलं आणि बंद पडलं. सपाटीवरच. मी उतरले. मागून हॉर्न वाजत होते, एक माणूस काहीतरी बोलला, मी त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प बसला. ढकलत ढकलत चौक ओलांडला. कुठून बळ आलं देव जाणे. गाडी सुरू झाली तेव्हा नऊ पंचवीस झाले होते.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी काही समजावत बसले नाही. बारक्याने त्याला धरून ठेवलं आणि मी आत पळाले.

आत इतका आवाज की स्वतःचा श्वास ऐकू येईना. वर पाहिलं. काचेच्या खोलीत नवरा होता. ताठ बसलेला, धडधाकट. अजून पाणी प्यायला नव्हता. मी दोन्ही हात वर करून ओरडले. खाली उभ्या मुकादमालाही माझा आवाज पोहोचला नाही, वर काय जाणार. पण नवऱ्याने मला पाहिलं. हसला. आणि एक बोट वर केलं, थांब म्हणून. त्याचे गाल आत ओढलेले होते. गोळी तोंडात टाकलेली होती त्याने. आधी पाणी, मग बायको. त्याने पिशवीतून बाटली काढली आणि झाकण फिरवायला लागला.

मी मुकादमाचा शर्ट धरला. "क्रेनची वीज कुठे बंद होते?"

"बाई, तुम्ही आत कशा..."

"कुठे बंद होते?"

त्याची नजर भिंतीवरच्या पेटीकडे गेली. मी धावले आणि दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

क्रेन थांबली. वरच्या खोलीतला दिवा गेला. नवऱ्याने बाटली तोंडाजवळ नेली होती. आकड्याला लोखंडी पत्रे टांगलेले होते आणि खाली माणसं होती. वजन लटकत असताना वीज गेली तर क्रेनवाल्याचा हात आधी कुठे जातो ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याने बाटली बाजूला ठेवली आणि ब्रेक धरला. मी खालून हातवारे करत राहिले, पिऊ नको, पिऊ नको. या वेळी त्याने माझा चेहरा नीट पाहिला असावा, कारण नंतर त्याने बाटली तोंडाला लावली नाही, झाकण लावून पिशवीत टाकली.

शिडीवरून उतरला तो तणतणतच. "वेड लागलंय का तुला? खाली माणसं आहेत, कुणाच्या डोक्यात..."

"बाटली कुठे आहे?"

त्याने ती पिशवीतून काढून दिली. मी झाकण उघडून थोडं खाली ओतलं. सिमेंटवर फेस आला, फसफस झाली आणि तो तुकडा पांढरा पडला. मुकादम मागे सरकला. नवऱ्याने त्या डागाकडे पाहिलं. मग त्याने गोळी तशीच कोरडी गिळली. घशात अडकली असावी, डोळ्यात पाणी आलं.

"मघाशी याने पाणी मागितलं होतं," मुकादमाकडे बोट करून तो हळू आवाजात म्हणाला. "मी दिलं नाही. म्हटलं, बायकोने उकळून दिलेलं आहे, हे कुणाला देत नाही मी."

मी तिथेच जमिनीवर बसले. एका पायात चप्पल, दुसरा पाय रक्ताळलेला. सगळ्यांसमोर मोठ्याने रडले, मला काही लाज वाटली नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. बाटल्या बदलल्या, बारक्याची आमच्या स्वयंपाकघरात यायची हिंमत होत नाही. नवरा अजूनही डोळे मिटूनच पाणी पितो. मी दिलेलं पाणी बघून प्यायला त्याला कधी जमलं नाही. म्हणून सकाळी त्याची बाटली पिशवीत घालण्याआधी मी तिच्यातला एक घोट पिते. तो दारात उभा असतो, बघतो, आणि बस जात असली तरी काही बोलत नाही.